हाताच्या बदल्यात हात

गोंदिया, १७ फेब्रुवारी १९५२, रविवार

ही वही मुलींच्या कवायतीची हजेरी मांडायला घेतली होती. पण आज जे पाहिले ते हजेरीत मावणारे नाही, म्हणून पहिल्या पानावर काट मारून रोजनिशी सुरू करतो. लिहिणार: टेकचंद बिसेन, मुलींच्या शाळेत कवायत व अंकगणिताचा शिक्षक, वय चौतीस, शिस्तीचा भोक्ता.

आत्ताच सासुरवाडीहून परतलो. सासुरवाडी चोरखमाऱ्याच्या तलावाखाली, सासरे तिथले जुने मालगुजार, जमीनदार म्हणा. दुपारी जेवण अंगावर आले म्हणून पाय मोकळे करायला धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे खाचरांकडे, गेलो. धान कधीच निघालेला, जमीन कोरडी ठणठणीत, नुसती धसकटे उभी. तिथे दहाबारा पोरेपोरी मुळाशी वाकलेल्या बांबूच्या काठ्या घेऊन बांबूच्याच गाठीचा चेंडू हाणत होती. मी रेल्वेच्या मैदानावर सहा वर्षे हॉकी खेळलेला माणूस (बहुतेक वेळा राखीव), त्यामुळे हसतच उभा राहिलो. पाच मिनिटांत हसू गेले.

एक पोरगी, पंधरा वर्षांची असेल, लुगड्याचा काचा मारलेली, अनवाणी. चेंडू घेऊन कोणी अंगावर आला की ती पुढे धावत नसे. वाकून, जमिनीला नाक लागेल अशी, मागे मागे सरकत जाई. एकदाही वळून पाहिले नाही, आणि मागे बांधीचा धुरा, मातीचा बांध, गुडघाभर उंच! टाच धुऱ्याला टेकली की थांबे, काठी नुसती फिरवी, चेंडू हिच्याकडे आणि पोरगा तोंडावर. मग चेंडू काठीवर उचलून अलगद धुऱ्यापलीकडे टाकी. सतरा वेळा पाहिले. सतराही वेळा तेच.

बिसरामची जमुना, असे कळले. बिसराम गोंड आहे, दोन बांध्या ठेक्याने करतो आणि जंगलखात्याच्या कामावर जातो.

सासऱ्यांच्या घरी माळ्यावर तसलीच एक वाकडी काठी दिसली, हाताने गुळगुळीत झालेली. ही कोणाची, विचारले. सासरे गालात हसले. सौ. घाईने म्हणाली, "कोंबड्या हाकलाची हाये जी."

११ मे, रविवार

पुन्हा चोरखमारा, या वेळी मोहिमेवर. आमच्या हेडमिस्ट्रेस सावित्रीबाईंसमोर तीन महिने एकच गाणे गायलो, तेव्हा कुठे त्या कंटाळून म्हणाल्या की मुलगी चौथी पास असेल तर पाचवीत घेऊ. उरला बाप.

बिसराम अंगणात तेंदूपत्त्याची पुडकी बांधत होता. मी हॉकीचे महत्त्व सांगितले. तो पुडकी बांधत राहिला. शेवटी म्हणाला, "शिकन तं शिकू द्या. पन रोवनीले पोट्टी घरी पायजे."

मी म्हणालो, रोवणीपुरता, म्हणजे धानाची लावणी होईतो, मजूर लावून देईन, माझ्या पदरचा.

"मजुराचा हात त्याच्यात नाई बसत जी. आमी पाच घरं हाओत. हाताच्या बदल्यात हात. माह्या घरची बाई चौघांच्या बांदीत जाते, चौघांच्या घरच्या बाया माह्या बांदीत येते. जमुनाची माय गेली. आता माह्या घरी बाई एकच."

पंधरा-वीस दिवसांनी हॉकी बुडत नाही. मंजूर म्हणालो. हातावर हात मारून त्याने शब्द घेतला.

मुलीला ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. सौ. पटकन म्हणाली, "आपल्या घरी ठेवा ना जी. मले हाताखाली होईन." बायकांना प्रत्येक गोष्टीत आपली सोय आधी दिसते. पण कल्पना वाईट नव्हती, म्हणून ती माझीच, असे ठरले.

२३ जून, सोमवार

जमुना आली. एक गाठोडे आणि ती वाकडी काठी. दारात तिने सौ.कडे पाहिले, सौ.ने काठीकडे पाहिले, आणि दोघी खो खो हसत सुटल्या. कारण विचारले तर आणखीच हसल्या. असो.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

रेल्वे कॉलनीतल्या बायकांच्या संघाशी आमच्या मुलींचा सामना. जमुना, गावची रोवणी आटोपून परतलेली, फुलबॅक. पहिल्या मिनिटाला तिने चेंडू अडवला, मैदान टाळ्या वाजवते न वाजवते तोच पंचांची शिट्टी. फाउल. पुन्हा अडवला, पुन्हा शिट्टी. चौदा शिट्ट्या मोजल्या. पाच-शून्य हरलो.

भानगड अशी, की खरी हॉकीची काठी एका अंगाने सपाट आणि एका अंगाने गोल असते, आणि चेंडूला फक्त सपाट अंग लागलेले चालते. गोल अंग लागले की फाउल. जमुनाची बांबूची काठी सगळीकडूनच गोल! जन्मभर तिने चेंडू डावीकडून आला तर काठीच्या पाठीनेच अडवला. तिच्या हिशेबी काठीला पाठ नाहीच. ही चूक गोंदियात कोणी करणार नाही, ती बांधीत वाढलेलीच करणार.

घरी येताना ती म्हणाली, "मास्तर, चेंडू तं मीच अडवला ना जी? मंग तो मानूस काऊन ओरडते?"

मी उपाय ठरवला आहे. एक : प्रत्येक फाउलला मैदानाला एक फेरी. दोन : वाकणे बंद. पुस्तकातल्या चित्रात खेळाडू छाती काढून ताठ उभा आहे. उद्यापासून ताठ.

९ सप्टेंबर

बावीस फेऱ्या. पोरगी दमत नाही, मीच उभ्या उभ्या दमतो. "ताठ! ताठ!" ओरडून घसा बसला. ताठ राहिली की चेंडू जातो, आणि वाकली की मी ओरडतो.

१४ सप्टेंबर, रविवार

शाळेचा चेंडू घरी धुवायला आणला होता. त्यावर काळे डाग, काजळीसारखे. रेल्वेच्या इंजिनांचा कोळसा मैदानभर उडतो, त्याचा परिणाम. स्टेशनमास्तरांना अर्ज लिहिणार आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी जेवायला बसलो तर ताटात अर्धी कच्ची, अर्धी करपलेली भाकर. आत पाहतो तर जमुना चुलीपुढे, सराटा डाव्या हातात! मनगट वळवून वळवून भाकर उलटते आहे, आणि सौ. शेजारी बसून म्हणते आहे, "सपाट बाजू खाली गेली पायजे. मनगट फिरव, खांदा नोको. अजून एक."

मी रागावलो. डाव्या हाताने अन्न करतात का कुठे? सौ. म्हणाली, "उजवा हात भाजला हाये तिचा." उजवा हात पाहिला, कुठे भाजल्यासारखा दिसला नाही. अकरा भाकरी झाल्या आणि अकराही तशाच. दही घालून गिळल्या.

१९ ऑक्टोबर, रविवार

सौ.च्या नडगीवर अंड्याएवढे टेंगूळ. गाईने लाथ मारली म्हणे. आमची गाय इतकी गरीब, की पाहुण्याला पाहून शेपूटही हलवत नाही. जनावराचा काय भरवसा. आयोडीन लावून दिले.

माझी जुनी काठीही कोणीतरी वापरते आहे. मुठीची पट्टी सैल झाली आहे. शाळेतल्या मुलींना ताकीद द्यायला हवी.

३० नोव्हेंबर, रविवार

विजय! रेल्वेच्या त्याच संघाशी दोन-शून्य. जमुनाविरुद्ध एकही शिट्टी नाही. चेंडू डावीकडून आला की तिचे डावे मनगट असे काही झर्रकन वळते की काठीची सपाट बाजू बरोबर चेंडूवर पडते. मी आजवर असे मनगट पाहिलेले नाही. रेल्वेच्या कॅप्टनबाई स्वतः येऊन तिचा हात हातात घेऊन उलटासुलटा पाहत होत्या. "बेटी, किसने सिखाया?" विचारले. जमुनाने माझ्या दिशेला पाहिले. मी जरा पुढे सरलो. नंतर वाटले, ती माझ्याही पलीकडे पाहत होती. तिकडे बायकांच्या घोळक्याशिवाय काही नव्हते.

सावित्रीबाई म्हणाल्या, "बिसेन मास्तर, तुमच्या फेऱ्यांना यश आले." मी म्हणालो, शिस्तीला पर्याय नाही.

चेंडूही स्वच्छ राहू लागला आहे. स्टेशनमास्तरांनी अर्जाची दखल घेतलेली दिसते.

४ जानेवारी १९५३, रविवार, नागपूर

धर्मशाळेत बसून लिहितो आहे. 

पुढल्या सप्टेंबरात भारताच्या मुलींचा संघ विलायतेला जायचा आहे, आणि आज आपल्या प्रांताची निवड होती. सोबत बाईमाणूस हवे अशी सावित्रीबाईंची अट, म्हणून सौ.ला आणावे लागले.

सामन्याआधी जमुनाला बजावले, "इथे मोठी माणसे पाहणार आहेत. काही झाले तरी ताठ." तिने पहिला अर्धा भाग ताठ काढला. माझ्या सांगण्याप्रमाणे अगदी चित्रातल्यासारखी. आणि काय सांगू, बुजगावणे उभे केल्यासारखी दिसत होती. दोन गोल तिच्या बाजूने गेले. निवडसमितीच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहून वही मिटली. मिटली! 

मध्यंतरात सौ. लिंबूपाण्याचा तांब्या घेऊन गेली. जमुनाच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाली, चांगली दोन मिनिटे. मला वाटले, धीर देत असेल.

नंतरचा अर्धा भाग मी मरेपर्यंत विसरणार नाही. जमुना वाकली. कमरेतून दुमडली ती दुमडलीच. जबलपूरची ती उंच फॉरवर्ड वाऱ्यासारखी येई, आणि जमुना तिच्यापुढे मागे मागे सरकत जाई, घाई नाही, धाप नाही, पाठीला डोळे फुटल्यासारखी. पंचवीस यार्ड अशी मागे गेली, आणि त्या बाईने हूल द्यायला काठी उचलली त्याच क्षणी डावे मनगट वळले. चेंडू गेला जमुनाकडे. एकदा नाही, नऊ वेळा. लोक उभे राहिले. माझ्या शेजारचा एक पोलीस अधिकारी "वाह, वाह रे लडकी" म्हणून माझीच पाठ बडवत होता.

बाईंनी वही पुन्हा उघडली.

पोरीने माझा हुकूम मोडला, पण आज तिला काही बोलवेना. सौ.ला विचारले, पाण्यात काय घातले होते? म्हणाली, "मीठ जरा जास्त पडलं जी." मिठाने अंगात त्राण येते, हे वैद्यकात सांगितलेच आहे. पुढल्या सामन्यांनाही तेच प्रमाण ठेवायचे.

१२ जून, शुक्रवार

पत्र आले! देशातल्या तीस मुलींत आपली जमुना. १८ जुलै ते ९ ऑगस्ट नागपूरला शिबिर, त्यातून सोळा विलायतेला जाणार. एक दिवस जरी गैरहजर राहिली तरी नाव कापले जाईल.

आनंदात पेढे वाटले. संध्याकाळी अंगणात बसल्यावर लक्षात आले, १८ जुलै ते ९ ऑगस्ट म्हणजे रोवणी.

५ जुलै, रविवार

चोरखमाऱ्याहून हात हलवत आलो. जमुना सुटीपासून तिथेच आहे.

बिसरामपुढे अर्धा तास बोललो. तिरंगा, स्वतंत्र भारत, जगाचे डोळे. अंगावर काटा यावा असे बोललो, माझ्या तरी आला. बिसराम जमिनीकडे पाहत ऐकत होता. मग म्हणाला, "झेंडा मोठाच हाये जी. म्या कुठं नाई म्हनलं? पन मी चार घरायले शब्द देल्ला हाये. माह्या घरचा हात नाई गेला तं त्यायच्या बाया माह्या बांदीत कायले येतीन? पऱ्हे वाळून जातीन."

रोपे वाळतील हे मलाही कळत होते. मी पुन्हा मजुराचे काढले. त्याने मान हलवली. "तुमी हातावर हात मारला होता, मास्तर."

मारला होता. तेव्हा विलायत कोणाच्या स्वप्नात होती?

मग जमुनाला म्हणालो, तूच सांग बापाला. ती म्हणाली, "काय सांगू जी? बांदी पडीत राहिली तं बाबा वर्सभर काय खाईन? मी नाई जात विलायतले." आवाज साधा होता. पण बोलता बोलता तिने खरी हॉकीची काठी उचलली, फडक्यात गुंडाळली आणि आढ्याला खोचून ठेवली, वापरायची नसलेली वस्तू ठेवतात तशी. ते पाहून मी बाहेर येऊन उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आले, ते धुराने नव्हते.

घरी येऊन सौ.ला सगळे सांगितले. जेवण गेले नाही. तिने ताट उचलून ठेवले. मग विचारू लागली, पाच घरे कोणाची, पहिली बांधी कोणाची लागते, रोवणी कोणत्या दिवशी धरणार. मी चिडलो. इथे देशाचा फुलबॅक बुडतो आहे आणि हिला बांध्यांची चौकशी!

७ जुलै, मंगळवार

सौ.ला माहेरी जावे लागते आहे. आईला बरे नाही, पत्र आले म्हणे. पोस्टमन आलेला मी पाहिला नाही. महिनाभर लागेल म्हणाली. जुनी दोन लुगडी तेवढी घेतली, चांगले एकही नाही. आजारपणात कोण नटते.

आता घरात मी आणि गाय.

१६ जुलै, गुरुवार

दुपारी दारात जमुना! गाठोडे, काठी, आणि चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखे हसू. "बाबा हो म्हनला, मास्तर."

म्हणजे माझे भाषण उशिराने का होईना लागू पडले! शब्द वाया जात नाहीत. बिसरामसारख्या माणसांना विचार करायला वेळ लागतो, एवढेच.

जमुना म्हणाली, "मास्तर, एक सांगू का?" मी म्हणालो, आता बोलायचे काही नाही, गाडी साडेचारला आहे.  गाडी हलल्यावर खिडकीतून ओरडून काहीतरी म्हणाली, इंजिनाच्या शिट्टीत ऐकू आले नाही.

१० ऑगस्ट, सोमवार

तार आली. निवड झाली. सोळांत आपली जमुना बिसराम!

शाळा सोडून दिली. सावित्रीबाईंनी घंटा स्वतः वाजवली. मी मैदानाच्या मधोमध उभा राहून, कोणी नाही असे पाहून, एक उडी मारली.

१२ ऑगस्ट, बुधवार

सौ. आली. काळवंडली आहे, गाल बसले आहेत. पायाच्या बोटांत चिखल्या, नखांत माती. आजाऱ्याची सेवा करताना चिखल्या कशा होतात, विचारले. "तिकडं पानी लय हाये जी." आईला झाले तरी काय होते? "कंबर धरली होती." आता हिचीच कंबर धरली आहे, उठताना भिंतीचा आधार घेते. रोग लागट असावा.

तार दाखवली. तिने दोनदा वाचली, पदरात तोंड लपवले आणि रडली. पोरीचा लळा लागला होता, त्याचे हे रडणे. मीही रडलो, पण थोडेसे.

६ सप्टेंबर, रविवार

जमुना मुंबईच्या मेलने गेली. स्टेशनवर सारे गोंदिया. हार इतके की पोरगी दिसेना. बिसराम चोरखमाऱ्याहून आला होता, डोक्याला नवा फेटा. मी त्याला म्हणालो, "तुम्ही माझे ऐकलेत, चांगले केलेत." तो माझ्याकडे बघतच राहिला. मग सौ.कडे पाहून हात जोडले त्याने. साधी माणसे, उपकार विसरत नाहीत. सौ.ने वर्षभर तिला जेवू घातले ना.

१८ ऑक्टोबर, रविवार

विलायतेचे पत्र. जमुनाचे अक्षर अजून गाडीच्या चाकासारखे, पण किती ऐटदार! उतरवून ठेवतो.

"मास्तर आणि बाई यांना नमस्कार. आमी पैला सामना हारलो. दुसरा बरोबरीत. तिसऱ्याच्या दिवशी पानी आलं. मैदान सारं चिखल. गोऱ्या पोरी घसरून पडून राहिल्या होत्या, आमच्या बी पडून राहिल्या होत्या. मले तं रोवनीवानीच वाटलं. मी जोडे काढतो म्हनलं तं नाई म्हनले. मंग जोड्यांसहित वाकली आणि मागं मागं गेली. एकबी गोल जाऊ नाई देल्ला. एक-शून्य जिंकलो. मॅनेजरबाई म्हनल्या, हे मागं चालनं कोनतं शिक्षन? मी म्हनलं, पऱ्हे लावाचं. त्यायले नाई समजलं. बाईले सांगजा, त्यायनं सांगतलेलं रोज करतो."

सौ.ला वाचून दाखवले. काय सांगितले होतेस, विचारले. "देवाले नमस्कार करजो म्हनलं होतं," म्हणाली. नागपूरच्या वर्तमानपत्रातही चार ओळी आल्या आहेत, त्या कापून वहीत चिकटवतो. "चिखलातील अभेद्य भिंत" असा मथळा आहे. मी आज तीन वेळा बाजारात गेलो, काही घ्यायचे नव्हते.

१५ नोव्हेंबर, रविवार

हे कसे लिहावे कळत नाही. पण वही माझी आहे आणि खोटे लिहायला मी ती घेतली नव्हती.

जमुना आली. निळा कोट, छातीवर देशाचे चिन्ह. दोघांच्या पाया पडली. मला एक विलायती शिट्टी दिली, निकेलची, सुरेख. मग सामन्यांत खेळलेली काठी फडक्यातून काढली आणि दोन्ही हातांनी सौ.पुढे धरली. मला नाही, सौ.ला.

मी म्हणालो, आण बघू. हातात घेतली. काठीची गोल पाठ काळी होती. बोट फिरवले तर बोट काळे झाले. काजळी.

"हे काय?"

"बाईनं शिकवलं होतं ना जी," जमुना सहज म्हणाली. "पाठीले काजळी लावाची. चेंडू काळा झाला तं समजाचं, पाठ लागली. तिकडं बी रोज सरावाले लावत होती. मेनबत्तीची करून."

मी खाली बसलो. चेंडूवरचे डाग आठवले. स्टेशनमास्तरांचा अर्ज आठवला. आतून ही वही आणली आणि त्या दोघींसमोर पहिल्या पानापासून वाचत गेलो. माळ्यावरची काठी. डाव्या हाताच्या भाकरी. गाईची लाथ. लिंबूपाणी. आणि मग चिखल्यांपाशी आलो, तेव्हा वही मिटली. सौ.कडे नुसते पाहिले.

जमुनाच म्हणाली, "बाबाले बाईनं म्हनलं, जमुना माह्या घरी राहते, म्हनजे तिचं घर आणि माहं घर एकच. तिच्या बदल्यात माहा हात. बाबा नाईच म्हनत होता. मालगुजाराच्या घरची लेक आपल्या बांदीत कशी? तं बाई लुगडं खोचून सरळ चिखलातच उतरल्या."

पाच घरांच्या बांध्या. तीन आठवडे. आणि मी इथे गाईला सांगत होतो की माझ्या भाषणाने बिसराम वळला!

लाज वाटली. इतकी वाटली की कान तापले. आणि त्याच वेळी इतका अभिमान दाटून आला की तो कोणाचा, पोरीचा का बायकोचा, ते वेगळे करता येईना.

सौ.ला विचारले, "वडील काय म्हणाले तुझे?"

सौ. म्हणाली, "चार दिवस बोललेच नाईत. पाचव्या दिवशी धुऱ्यावर छत्री घेऊन उभे राहिले, माह्यावर धरून."

"मला का नाही सांगितलेस, गीता?" तिचे नाव मी तोंडाने आज बहुधा पहिल्यांदा घेतले.

"तुमी शिट्टी वाजवत होते जी. ऐकू कसं गेलं असतं?" मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "असं तोंड कायले करता? तुमी नसते तं तिले गोंदियाले आनलं असतं कोनी? सतरा वेळा तुमीच मोजलं ना?"

सतरा वेळा मीच मोजले, हे खरे आहे. तेवढे माझे.

१८ जुलै १९५४, रविवार, चोरखमारा

आठ महिन्यांनी वही उघडतो आहे. बोटे वळत नाहीत, अक्षर बिघडले तर बिघडू दे.

जमुना पुन्हा शिबिरात आहे. या वेळी बिसरामकडे मी भाषण करायला गेलो नाही. शाळेतून रजा घेतली आणि सौ.बरोबर आलो. म्हणालो, एका हाताच्या बदल्यात दोन हात घ्या. बिसराम इतका हसला की फेटा सुटला. रोवणी बायकांचे काम, पुरुषांनी नांगरावे आणि पऱ्ह्यांच्या पेंड्या वाहाव्या, अशी इथली रीत. मी म्हणालो, रीत तुमची बाजूला ठेवा, मला ते मागे चालणे पाहायचे आहे.

सकाळी चिखलात उतरलो. डावीकडे सौ., उजवीकडे पाच घरांच्या बाया, सगळ्या एका ओळीत वाकलेल्या. डाव्या हातात पेंडी, उजव्या हाताने पऱ्हा खोचायचा, एक पाऊल मागे. पुन्हा खोचायचा, पुन्हा मागे. त्यांची ओळ दोरी धरल्यासारखी सरकत होती आणि एकही बाई मागे वळून पाहत नव्हती. जमुना अशाच ओळीत वाढली, आणि मी तिला पुस्तकातले चित्र दाखवत होतो!

चौथ्या पावलाला कमरेतून कळ आली म्हणून मी उभा झालो, छाती काढून. पाय रुतला, आणि मी सरळ पाठीवर. धुऱ्यावर बिसराम, सासरे, सगळे हसत होते. सौ.ने चिखलाचा हात पुढे केला, मला उठवले, आणि तोंडावरचे हसू न दाबता म्हणाली,

"ताठ नोका राहू जी. वाका."

वाकलो.